बुलेट ट्रेन, आपलं गाव आणि आपलं शहर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनबद्दल पालघर, वसई-विरार, ठाणे, मुंबई आणि अधूनमधून पुण्याहूनही तेच ते प्रश्न येत राहतात. काही प्रवाशांचे असतात, काही मार्गाशेजारी राहणाऱ्यांचे, काही जमीन गेलेल्यांचे. सोपे प्रश्न आधी घेतले आहेत, अवघड आणि अपवादाचे नंतर. एकच गोष्ट दोनदा सांगितलेली नाही. जिथे संबंध येतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही गाडी नेमकी कुठून कुठे जाणार? महाराष्ट्रात किती स्थानकं?

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून (बीकेसी) अहमदाबादजवळच्या साबरमतीपर्यंत. एकूण लांबी ५०८ किलोमीटर. त्यातले सुमारे १५६ किलोमीटर महाराष्ट्रात, चारेक किलोमीटर दादरा-नगर हवेलीत आणि उरलेले गुजरातमध्ये. स्थानके बारा: मुंबई, ठाणे, विरार, बोईसर, वापी, बिलिमोरा, सुरत, भरूच, वडोदरा, आणंद, अहमदाबाद, साबरमती. पहिली चार आपली.

२. भूमिपूजन होऊन इतकी वर्षं झाली. गाडी धावणार कधी?

भूमिपूजन १४ सप्टेंबर २०१७ रोजी अहमदाबादला झाले आणि तेव्हा २०२२ हे लक्ष्य होते. महाराष्ट्रातले भूसंपादन रखडले, मार्गाचे संपूर्ण संपादन जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण झाले. आता जाहीर झालेले वेळापत्रक असे: ऑगस्ट २०२७ मध्ये सुरत-बिलिमोरा हा पन्नासेक किलोमीटरचा तुकडा, मग टप्प्याटप्प्याने वापी आणि अहमदाबाद, त्यानंतर ठाणे आणि सर्वांत शेवटी मुंबई. संपूर्ण मार्गासाठी २०२९ सांगितले जाते. म्हणजे पहिली गाडी धावेल तेव्हा महाराष्ट्रातला एकही प्रवासी आपल्या स्थानकावरून तिच्यात चढलेला नसेल. हे आधीच माहीत असलेले बरे.

३. वंदे भारत आहे ना? मग बुलेट ट्रेन वेगळी कशी?

वंदे भारत ताशी १६० किलोमीटर वेगाने धावू शकते, पण ती आपल्या जुन्याच रुळांवरून जाते. तिथे पुढे मालगाडी असते, मागे पॅसेंजर असते, वळणे असतात, गुरे आडवी येतात. मुंबई-गांधीनगर वंदे भारत सुरू झाली त्याच्या पुढच्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, तिला म्हशींची धडक बसली होती.

बुलेट ट्रेनचा मार्ग पूर्ण स्वतंत्र आहे. एकही फाटक नाही, बहुतेक भाग खांबांवरून, दुसरी कुठलीही गाडी त्यावर नाही. आरेखनातला धावण्याचा वेग ताशी ३२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ८९ मीटर. एवढ्या वेगात चालकाला रुळाशेजारचा सिग्नल दिसून त्यावर विचार करायला वेळच नसतो. म्हणून सिग्नल थेट त्याच्या केबिनमध्ये येतो आणि तो चुकला तर यंत्रणा स्वतः ब्रेक लावते.

४. मग हीच गाडी जुन्या रुळांवरून दिल्लीला, नागपूरला का नाही नेत?

जाऊच शकत नाही. आपल्या ब्रॉडगेजमध्ये दोन रुळांतले अंतर १,६७६ मिलिमीटर, बुलेट ट्रेनच्या मार्गावर १,४३५. फायदा असा की जुन्या मार्गावरचा गोंधळ या मार्गावर येत नाही. तोटा असा की नवा मार्ग जिथे संपतो तिथे गाडीही संपते. फ्रान्समध्ये १९८१ पासून वेगवान गाड्या नव्या मार्गावरून धावून पुढे जुन्या रुळांवरून लहान गावांपर्यंत जातात. आपल्याकडे तसे होणार नाही, आणि त्यामुळेच स्थानकापर्यंतचा रस्ता हा आपल्याकडे जास्त मोठा प्रश्न आहे (प्र. ५).

५. मी बोरिवलीला राहतो, कामासाठी सुरतेला जातो. माझा खरंच वेळ वाचेल का?

फारसा नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवे. गाडी बीकेसीहून सुरतेला तासाभराच्या आसपास पोहोचेल. पण बोरिवलीहून सकाळच्या गर्दीत बीकेसीला यायचे, जमिनीखाली सुमारे २६ मीटरवरच्या फलाटापर्यंत उतरायचे, तपासणीसाठी थांबायचे आणि सुरतेला नव्या स्थानकातून पुन्हा शहरात यायचे. आज वंदे भारत तुम्हाला बोरिवलीतच घेते आणि अडीच तासांच्या आसपास थेट सुरतच्या जुन्या, मध्यवर्ती स्थानकात सोडते. तुमच्यासाठी बीकेसीपेक्षा विरार स्थानक जास्त उपयोगाचे ठरू शकते. पण तिथे पोहोचायला रस्ता आणि बस असेल तरच.

कुर्ला, सायन, घाटकोपर, वांद्रे या भागांतल्या लोकांचे गणित वेगळे. त्यांना बीकेसी जवळ आहे. कुलाब्यापासून आरेपर्यंतची भुयारी ‘मेट्रो-३’ ही ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण चालू आहे आणि तिचे एक स्थानक बीकेसीत आहे. गिरगाव, दादर, अंधेरीच्या माणसाला रस्त्यावर न येताही बुलेट ट्रेनच्या परिसरापर्यंत पोहोचता येईल.

घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंत किती वेळ लागला, हाच प्रवासाचा खरा वेळ. गाडीचा वेग हा त्यातला एक तुकडा. रिक्षाच्या रांगेत गेलेली वीस मिनिटे भरून काढायला ताशी ३२० वेगाच्या गाडीला शंभरावर किलोमीटर धावावे लागते. म्हणून माझे म्हणणे असे की महापालिकांनी आतापासूनच विरार, म्हातार्डी (म्हणजे ठाण्याचे बुलेट स्थानक, प्र. ६) आणि बोईसर स्थानकांचे बसमार्ग कागदावर आणावेत आणि आपण ते मागावेत. रूळ टाकणाऱ्या कंपनीचे ते काम नाही. ते आपल्या नगरसेवकाचे, आमदाराचे आणि परिवहन सेवेचे काम आहे.

६. ठाण्याचं बुलेट स्थानक ठाण्यात नाहीच म्हणतात. खरं का?

हो. ते दिव्याजवळ म्हातार्डीला आहे. दिवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याणच्या लोकांना ते जवळ पडेल. घोडबंदर रोडच्या माणसाने मात्र "ठाणे" हे नाव वाचून घाईने तिकीट काढू नये. विरारचेही तसेच: नवे स्थानक लोकलच्या स्थानकाला लागून नाही.

७. भाडं किती असणार?

ठरलेले नाही. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या आकड्यांपैकी एकही अधिकृत दर नाही.

८. आम्ही रोज लोकलच्या दारात लटकून जातो. आधी ती सुधारा, मग बुलेट ट्रेन आणा. यात चूक काय?

काहीच चूक नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो रागाने विचारलेला असला तरी न्याय्य आहे. भूमिपूजनानंतर पंधराच दिवसांनी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, एल्फिन्स्टन रोडच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे गेली. ज्या शहरात पूल रुंद करायला इतका उशीर होतो, त्या शहराने वेगाचे स्वप्न आधी पाहावे का, हे लोकांनी तेव्हा विचारले आणि ते विचारायलाच हवे होते.

मात्र एक गोष्ट समजून घ्यावी. बुलेट ट्रेनसाठीचे जपानचे कर्ज याच प्रकल्पासाठी आहे. प्रकल्प रद्द झाला असता तर ते पैसे लोकलकडे वळले नसते. लोकलची कामे मुंबई नागरी परिवहन प्रकल्प या वेगळ्या योजनेतून होतात. त्यातले आमच्या भागासाठी सर्वांत मोलाचे काम म्हणजे विरार-डहाणू चौपदरीकरण, ६४ किलोमीटरचे. डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली, पण दोनच मार्ग असल्याने लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल एकमेकींची वाट अडवतात. सफाळे, केळवे, पालघर, वाणगावच्या माणसाला बुलेट ट्रेनच्या आधी ते दोन मार्ग हवे आहेत. दोन्ही कामांची प्रगती एकाच बैठकीत, शेजारी शेजारी ठेवून विचारावी, असे मी सुचवतो. एकाची प्रगती दर महिन्याला छायाचित्रांसह प्रसिद्ध होते. दुसऱ्याचीही तशीच व्हावी.

९. जपानचं कर्ज जवळजवळ बिनव्याजी आहे, म्हणजे फुकटच ना?

नाही. मूळ अंदाजित खर्च १ लाख ८ हजार कोटी, त्यातला ८१ टक्के वाटा कर्जाचा. व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षे, पहिली १५ वर्षे परतफेड नाही. अटी खरोखर सौम्य आहेत. पण कर्ज येनमध्ये आहे आणि उत्पन्न रुपयांत होणार. येनच्या तुलनेत रुपया घसरला की फेड महाग होते. शिवाय भागभांडवल आपलेच: केंद्राचे १० हजार कोटी, महाराष्ट्र आणि गुजरातचे प्रत्येकी ५ हजार कोटी. आपल्या राज्याच्या तिजोरीतून एवढी रक्कम जात असेल तर स्थानकापर्यंतचा रस्ता मागणे हा हट्ट नाही.

१०. जपानी गाड्या सेकंदावर चालतात. आपल्याला जमेल का?

जपानची पहिली शिंकान्सेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो ते शिन-ओसाका धावली. वक्तशीरपणाचे मूळ लोक जपानी स्वभावात शोधतात. मला ते व्यवस्थेत दिसते. मार्ग स्वतंत्र. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत एकही प्रवासी गाडी नाही. तो वेळ फक्त देखभालीचा. रूळ आणि विजेच्या तारा तपासणारी वेगळी पिवळी गाडी. आणि १९६४ सालीच केलेला खास कायदा, ज्यात शिंकान्सेनच्या मार्गात शिरणे किंवा त्यावर वस्तू फेकणे हा गुन्हा ठरवला.

आपल्याकडेही रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १५३ नुसार प्रवाशांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तरी वंदे भारतवर दगड पडतात. कायदा आहेच, शाळेत, वस्तीत, मंडळात त्यावर बोलणे कमी पडते. जिथे खांब उभे राहिले त्या प्रत्येक गावात मुलांना एकदा काम दाखवायला न्यावे. आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहिलेल्या गोष्टीवर मूल सहसा दगड उचलत नाही.

११. "साठ वर्षांत शिंकान्सेनमध्ये एकही मृत्यू नाही" हे खरं आहे का?

शब्द नीट वापरले तर खरे. टक्कर किंवा रुळावरून घसरणे यामुळे एकही प्रवासी दगावलेला नाही. पण १९९५ मध्ये मिशिमा स्थानकावर दारात अडकून एक प्रवासी गेला आणि २०१५ मध्ये एका माणसाने डब्यात स्वतःला पेटवून घेतले तेव्हा त्याच्यासह एका प्रवासी महिलेचा जीव गेला. वेगवान गाड्या सगळीकडेच सुरक्षित, असेही म्हणता येत नाही: जर्मनीत १९९८ मध्ये एशेडला चाक तुटून १०१ माणसे मेली, चीनमध्ये २०११ मध्ये वेन्झोऊजवळ सिग्नल यंत्रणेतल्या बिघाडाने ४०. सुरक्षा गाडीबरोबर खोक्यातून येत नाही, ती रोजच्या देखभालीत असते.

१२. भूकंप झाला तर?

भूकंपात आधी हलकी लाट येते, जोरदार मागून. हलकी लाट पकडून वीज तोडायची आणि गाडी थांबवायला सुरुवात करायची, हे तत्त्व. या मार्गासाठी २८ भूकंपमापक ठरले आहेत: २२ मार्गालगत आणि ६ लांब, भूकंपप्रवण जागी. त्या सहांपैकी चार महाराष्ट्रात आहेत: खेड, रत्नागिरी, लातूर आणि पांगरी. १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवणाऱ्यांना लातूरचे नाव यादीत का आहे हे सांगावे लागणार नाही. २०११ च्या महाभूकंपात ईशान्य जपानमधल्या धावत्या शिंकान्सेन प्रवासी गाड्यांपैकी एकही घसरली नाही. मात्र २००४ मध्ये निगाताच्या भूकंपात एक गाडी घसरली होती; केंद्र अगदी जवळ असल्याने सूचना आणि धक्का यांत वेळच उरला नाही. जीवितहानी झाली नाही. यंत्रणेची मर्यादा इथेच आहे: भूकंप जितका जवळ, तितकी सूचना तोकडी.

१३. आमचं घर मार्गापासून हाकेच्या अंतरावर आहे. आवाज किती येईल?

येईल, आणि याबाबत जपानचा इतिहास प्रत्येक पाड्याने आणि सोसायटीने जाणून घ्यावा असा आहे. नागोया शहरात घरांना खेटून शिंकान्सेन गेली. आवाज आणि हादऱ्यांनी त्रस्त रहिवाशांनी १९७४ मध्ये राष्ट्रीय रेल्वेवर खटला भरला. तडजोड झाली १९८६ मध्ये. खटला चालू असतानाच, १९७५ मध्ये, सरकारने मर्यादा घालून दिली: निवासी भागात ७० डेसिबल, इतर भागांत ७५. त्यानंतरच्या शांत गाड्या, लांब निमुळती नाके, तारेला टेकणाऱ्या विद्युतदांड्यांचे बदललेले आकार, या सगळ्यांमागे ती मर्यादा आहे. आज आपण ज्या तंत्रज्ञानाचे कौतुक करतो त्यात नागोयाच्या रहिवाशांचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडे पुलावर रुळापासून दोन मीटर उंच आवाजरोधक भिंती लावल्या जात आहेत, वस्तीजवळ तीन मीटर. बोगद्यात गाडी शिरताना पुढची हवा दाबली जाते आणि दुसऱ्या तोंडाशी धमाका होऊ शकतो. तो कमी करण्यासाठी तोंडाशी लांब छत बांधतात. पालघर जिल्ह्यात सात डोंगरी बोगदे आहेत, तेव्हा त्यांच्या तोंडाजवळच्या पाड्यांनी हे लक्षात ठेवावे.

आत्ताच करण्यासारखे एक काम आहे. गाडी सुरू होण्याआधी आपल्या घराजवळचा दिवसाचा आणि रात्रीचा आवाज मोजून ग्रामपंचायतीच्या दप्तरी नोंदवून घ्या. आपल्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, पण ती सरासरी आहे. जपानी मर्यादा गाडी जातानाच्या शिखर आवाजाची आहे. दोन्ही आकडे एकमेकांसमोर ठेवून कोणी "आम्ही ठीक आहोत" म्हटले तर मान्य करू नका. आधीची नोंद असेल तरच फरक सिद्ध होतो.

१४. आमच्या इमारतीखालून बोगदा जातोय. तडे जातील का?

बीकेसी ते शिळफाटा २१ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यातले ७ किलोमीटर ठाणे खाडीखाली. तो साधारण २५ ते ६५ मीटर खोल आहे. पारसिकच्या डोंगराखाली ११४ मीटरपर्यंत. घणसोली ते शिळफाटा हा सुमारे ४.९ किलोमीटरचा भाग सुरुंग लावून खोदला, तो सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला. उरलेला यंत्राने. खोदताना परिसरात कलमापक आणि कंपमापक लावतात. तरी सोसायटीने स्वतःच्या भिंतींची तारीखवार छायाचित्रे काढून ठेवावीत, आजचे तडेसुद्धा. पुढे वाद झाला तर तोच तुमचा पुरावा.

१५. खाडीखालून बोगदा काढला, मग तिवरं का तोडली?

खाडीखालचा बोगदा ठाणे खाडीतले फ्लेमिंगो अभयारण्य वाचवण्यासाठी आहे. पण मार्ग जिथे जमिनीवर येतो तिथे, वसई-पालघर पट्ट्यात, तिवरे आडवी येतात. सुरुवातीचा आकडा ५३ हजारांच्या वर होता. स्थानकांचे आराखडे बदलल्यावर तो सुमारे २२ हजारांवर आला. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. बदल्यात पाचपट लागवडीचे आश्वासन आहे. आकडा निम्म्याहून खाली आला हे आक्षेप घेतल्याचे फळ. माझा आक्षेप तरी उरतो: दुसऱ्या खाडीत लावलेले रोप इथल्या गावात शिरणारे भरतीचे पाणी अडवत नाही. लागवड कुठे झाली, किती जगली, हे दर वर्षी विचारत राहावे (कसे, ते प्र. १८ मध्ये).

१६. जमीन गेली, मोबदला कमी वाटतो. आता काय करता येईल?

आधी एक बघा: जमीन निवाड्याने गेली की तुम्ही संमतीने खरेदीखत करून दिले? निवाडा असेल तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ६४ खाली रकमेविरुद्ध प्राधिकरणाकडे जाता येते. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत सहा आठवडे. खरेदीखत केले असेल तर हा मार्ग बंद होतो. बहुतेक लोक इथेच फसतात, कारण सही करताना हे कोणी सांगत नाही.

निवाड्यात बाजारभावाबरोबर झाडे, विहीर, बांधकाम यांची किंमत आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम धरलेली आहे ना, हे तपासा. चिकूच्या वाडीत झाडांची मोजणी हाच मोठा मुद्दा असतो. सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांनीही गप्प बसू नये. वनहक्काचा पट्टा असलेले कुटुंब या कायद्यात जमीनमालकच धरले जाते, आणि ज्यांची उपजीविका तीन वर्षांपासून मुख्यतः त्या जमिनीवर होती ते कूळ किंवा शेतमजूर बाधित कुटुंबात येतात.

१७. आमचा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. संपादन झाल्यावर ग्रामसभेला काही अधिकार उरतो का?

उरतो. अनुसूचित क्षेत्रात संपादनापूर्वी ग्रामसभेची संमती हा कायद्याचा भाग होता, तो टप्पा मागे गेला. पण काम चालू असताना खडी-मुरुमाच्या खाणीला परवानगी देताना पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या, कायद्यानुसार ग्रामसभेची शिफारस लागते. डंपरनी खचलेला रस्ता, बुजलेला ओढा, आटलेली विहीर याचे ठराव तारखेसह करा आणि प्रत तहसीलदाराला द्या. तोंडी तक्रारीला दप्तरात जागा नसते.

१८. माहिती अधिकारात अर्ज कुठे करायचा? माझा अर्ज परत आला.

दोन वेगळे दरवाजे आहेत. गाडी, बांधकाम, करार, लागवड यांची माहिती राष्ट्रीय हायस्पीड रेल महामंडळाकडे. त्याला केंद्राचे नियम लागू: १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, अर्ज साधारण ५०० शब्दांत. निवाडा, मोजणी, मोबदला जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. तिथे राज्याचे नियम: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो, पण अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा. केंद्राच्या अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावला की तो परत येतो, बहुधा तुमचेही तेच झाले असेल. "का केले" असे विचारू नका. "अमुक तारखेच्या पाहणी अहवालाची प्रत द्या" असे मागा. उत्तराची मुदत ३० दिवस, नंतर पहिले अपील.

१९. पुण्याला, कोकणात बुलेट ट्रेन कधी?

फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात सात वेगवान मार्ग जाहीर झाले. त्यांत मुंबई-पुणे आणि पुणे-हैदराबाद आहेत. घोषणा आणि धावती गाडी यांत किती वर्षे जातात ते प्र. २ मध्ये दिसते. पुण्याची गरज खरी आहे. डेक्कन क्वीन १९३० पासून धावते आणि आजही तिला तीन तासांच्या वर लागतात, कारण बोरघाटात ३७ ला १ असा चढ आहे आणि कर्जतला मागून इंजिने जोडावी लागतात. तो घाट बोगद्यानेच टाळावा लागेल.

कोकणासाठी माझे उत्तर अनेकांना आवडत नाही. तिथे बहुतांश मार्ग अजून एकेरी आहे, गाड्या एकमेकींसाठी स्थानकात थांबून राहतात आणि पावसाळ्यात वेगळे, संथ वेळापत्रक लागते. दुहेरी मार्ग आणि दरडींपासून पक्का बचाव झाला तर गणपतीला जाणाऱ्या चाकरमान्याचे जेवढे भले होईल तेवढे ताशी ३२० ने होणार नाही.

२०. पहिली गाडी जपानी नसेल आणि वेगही कमी असेल, असं ऐकलं. म्हणजे फसवणूक झाली का?

पहिला भाग बरोबर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बीईएमएल या भारतातल्या कंपनीला आठ डब्यांच्या दोन गाड्यांचे काम ८६७ कोटींना दिले गेले. त्यांचा आरेखनातला वेग ताशी २८० किलोमीटर. जपानची नवी ई-१० मालिका २०३० च्या दशकाच्या सुरुवातीला येण्याची बोलणी आहेत.

फसवणूक मात्र म्हणता येणार नाही. वेग २८० वरून ३२० वर नेला की हवेचा रोध सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो, वीजही त्या मानाने जास्त लागते. वाचणारा वेळ किती? शंभर किलोमीटरला २८० ने २१ मिनिटांच्या थोडे वर, ३२० ने १९ च्या आत. अख्खे ५०८ किलोमीटर न थांबता पूर्ण वेगाने धरले तरी फरक चौदा मिनिटांच्या आत राहतो. जाब विचारायचाच असेल तर देशात बनलेल्या गाडीच्या चाचण्यांचे अहवाल मागा, आणि ते प्रवासी बसण्याआधी प्रसिद्ध करायला लावा.